बंबातलं पाणी

पट्टी पांढरीच राहिली.

ओदेतने पापण्यांवर जमलेला बर्फ हातमोज्याच्या मागच्या बाजूने पुसला आणि पट्टी पुन्हा डबीवरच्या रंगांशी लावून पाहिली. गुलाबी व्हायला हवी होती. गडद नाही तर निदान फिकट. दुसरी पट्टी बुडवली, पीएचची, ती पिवळी पडली. साडेआठच्या वर हवा तो आकडा साडेसहावर आला होता. तिने बाटलीतलं पाणी हुंगलं. आंबूस वास आला, शिळ्या पेजेसारखा.

सकाळचे सात वाजले होते आणि बाहेर उणे तेहतीस होतं. घरापासून वीस पावलांवर पत्र्याच्या खोपटात तो बंब उभा होता. मधे जाळ, भोवती आठशे लिटर पाणी. ते गरम पाणी पंपाने जमिनीखालच्या नळांतून घरात जायचं, भिंती ऊबदार करून परत यायचं, पुन्हा तापायचं. वर्षानुवर्षं तेच पाणी. ते बदलायचं नसतं, फक्त जपायचं असतं. त्यात औषध असलं की पोलाद वीस-वीस वर्षं टिकतं, नसलं की आतून गंज खातो आणि एक दिवस जाळात पाण्याची धार लागते. मग सात-आठ हजार डॉलरचा बंब भंगारात. गावात बंब घरोघरी होते, पण लाकडं भरायला सगळे पुढे आणि पाण्याकडे बघायला कुणी नाही. ओदेत बघायची. बटाट्याच्या कारखान्यात तिने सतरा वर्षं तळणीचं तेल तपासलं होतं, तपासल्याशिवाय तिला चैनच पडायची नाही. शेजारीपाजारी जॅमच्या बरण्यांत आपापलं पाणी भरून तिच्याकडे आणून द्यायचे. असल्या बाईच्या स्वतःच्या बंबाचं पाणी नासावं, म्हणजे काय म्हणायचं?

बरं, नासायचं तर आजच नासायचं होतं.

आज तीन वाजता नोएला येणार होती, तिची नणंद. बरोबर वृद्धाश्रमाची बाई. नोव्हेंबरात सासऱ्यांनी, फिलिबेरनी, 'फार कुरकुरतो' म्हणून पंपाचं बटण बंद करून टाकलं होतं, आणि सकाळी घरात श्वासाची वाफ दिसत होती. तेव्हा नोएलाने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की पापांच्या हातून पुन्हा असं काही झालं, की त्यांना ग्राँ-सोच्या वृद्धाश्रमात नेणार. रेजांने, ओदेतच्या नवऱ्याने, मान डोलावली होती आणि तो लाकूडतोडीच्या कॅम्पवर निघून गेला होता. पुरुषांना मान डोलवायला काय जातं. आता वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झाली होती आणि ती बाई घर पाहायला येणार होती. म्हातारा इथे राहील की जाईल, ते आज ठरणार होतं.

ओदेतने जाळाचं दार उघडलं आणि टॉर्च मागच्या भिंतीवर मारला. वरच्या जोडापासून खाली एक तांबडी रेघ ओघळली होती. भोक नव्हतं अजून. नुसतं पाझरत होतं.

पंधरा दिवसांपूर्वी पट्टी फिकट दिसली तेव्हा तिने अर्धा कॅन औषध घातलं होतं. ते कुठे गेलं? पाणी गळालेलं नाही, वरून नवं घातलेलं नाही. म्हणजे आत काहीतरी जिवंत होतं आणि ते औषध खात होतं. पण जंतूंना नुसत्या औषधावर इतकं बळ येत नाही. त्यांना कुणीतरी जेवायला घालत होतं.

फिलिबेर स्वयंपाकघरात प्लोयवर काकवी ओतत बसले होते. कुट्टूच्या पिठाची ती जाळीदार धिरडी ओदेतने उठल्या उठल्या करून ठेवली होती. वय शहाऐंशी, दात स्वतःचे, आणि जीभ दातांहून धारदार.

"पापा, बंबाच्या पाण्यात काही घातलंत का?"

"मी? तुझ्या त्या देवळाची पायरी तरी चढू देतेस का मला?"

"सरळ सांगा."

"सरळच सांगतोय. पट्ट्या काय, बाटल्या काय. पाणी आहे ते, पोरी, लेकरू नव्हे, सारखा ताप बघायला."

"त्या लेकराला आज ताप आलाय."

"मग सूप पाज," म्हातारा म्हणाला आणि स्वतःच हसला.

फोन वाजला. नोएला होती. दुपारून वादळ आहे म्हणतात, तेव्हा आम्ही तीनला नाही, एकलाच येतो. पापांना दाढी करायला सांग. घर गरम आहे ना?

"आहे," ओदेत म्हणाली. भिंतीवरचा काटा अठरावर होता. काल या वेळी एकवीसवर होता.

ती धावतच बाहेर गेली. पंपाचा आवाज बदलला होता, घसा बसलेल्या माणसासारखा. पंपाच्या आधी एक गाळणी असते, तीत कचरा अडकला की पाणी पुढे सरकत नाही. आणि या थंडीत पाणी जमिनीखाली थांबलं, तर तासाभरात गोठून नळ फुटतात. तिने दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद केले, पाना लावला. गाळणीचं बूच हलेना. हातमोजे काढून पुन्हा जोर लावला तेव्हा बोटांची कातडी पोलादाला चिकटली आणि सोलून निघाली. ती कचकचून शिवी हासडून पुन्हा भिडली. बूच निघालं. गाळणीतून तपकिरी बुळबुळीत लगदा तिच्या तळहातावर पडला. तिने तो बोटांनी पसरला. त्यात सालं होती. आणि एका सालाला डोळा होता.

बटाटा.

ओदेत उकिडवी बसली होती ती तशीच राहिली. हे करणारा माणूस अख्ख्या गावात एकच होता. फिलिबेरचे वडील नदीकाठच्या स्टार्चच्या कारखान्यात बॉयलरवर होते. दर सोमवारी ते बॉयलरमध्ये पोतंभर बटाटे टाकायचे. पाण्यातला चुना मग भिंतीला धरत नसे. गावातल्या पोरासोरांनाही ही गोष्ट ठाऊक होती, आणि ती खोटी नव्हती. पण तिथे रोज नदीचं ताजं पाणी यायचं आणि दर शनिवारी तळाचा गाळ शिट्टी मारत बाहेर काढायचे. इथे तेच पाणी कोंडलेलं. इथे टाकलेला बटाटा कुठे जाणार? तो कुजणार, जंतूंना पोटभर जेवू घालणार, आणि ते वर औषधही फस्त करणार.

गाळणी धुऊन बसवली, पंप सुरू केला, आणि ते साल मुठीत घेऊन ती घरात आली. तिने ते फिलिबेरच्या ताटलीशेजारी ठेवलं.

म्हाताऱ्याने चष्मा लावला. "शेपोडी जात दिसतेय. साल पातळ असतं हिचं."

"पापा."

"तुझा बंब आतून किरकिरत होता. मी दुपारी लवंडलो की ऐकू येतं मला. आत खपल्या धरल्यात, दुसरं काय. तुझ्या बाटल्यांनी होतंय का काही? माझा बाप..."

"किती टाकलेत?"

"बादलीभर." तो थांबला. काकवीचं बोट रुमालाला पुसलं. "दोन असतील. एक नाताळाच्या आधी."

ओदेतला ओरडायचं होतं. ताटली भिंतीवर आपटावी, असं वाटलं. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"बिघडलं का फार?" म्हाताऱ्याने हळूच विचारलं.

"पार बिघडलं."

"आणि नोएला आज येणार."

"एक वाजता."

त्याचा चेहरा एकदम लहान झाला. "पोरी, तिला नको सांगूस. तुझ्या सासूला तिथे नेली, तर अकरा दिवसांत संपली ती. नीट चालत गेली होती, स्वतःची बॅग घेऊन. मी तिथे गेलो तर परत यायचो नाही. तू शब्द दे मला."

या माणसाने लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला 'कारखान्यातली' म्हणून हिणवलं होतं, आणि तिचं मूल पोटातच गेलं तेव्हा आठवडाभर तिच्या दाराशी खुर्ची टाकून गुपचूप बसला होता. दोन्ही त्यानेच केलं होतं.

"नाही सांगत," ती म्हणाली. "शब्द देते. आता तुमच्या खोलीत जा, विजेचा हीटर लावा आणि दार बंद करून बसा. बटाट्यांना हात लावाल तर याद राखा."

साडेआठ झाले होते. तिच्या हातात साडेचार तास होते.

पाणी बदलायला हवं होतं, पण बंब रिकामा करून चालणार नव्हतं. रिकाम्या बंबात जाळ लागला तर पोलाद वाकतं, आणि जाळ विझवला तर घर गोठतं. तेव्हा एकच मार्ग होता. खालून नासकं पाणी सोडायचं, वरून विहिरीचं भरायचं, आणि दोन्ही धारा सारख्या ठेवायच्या. तेही सावकाश. तापलेल्या पोलादावर गार पाणी भसकन पडलं तर तो पाझरणारा जोड उकलायला वेळ लागणार नाही.

तिने तळघरातून नळी ओढली, वरच्या तोंडात खोचली आणि खालचा नळ उघडला. घाण वासाचं तपकिरी पाणी वाफाळत बाहेर पडलं आणि बर्फावर दहा पावलं जाऊन थिजलं. ओदेत एका हाताने नळी धरून, दुसऱ्याने जाळात वाळलेलं मेपल सारत उभी राहिली. बंबाचा काटा उतरायला लागला. अठ्ठ्याहत्तर, सत्तर, साठ. नळीवर बर्फाचं साल चढत होतं, ते ती दर पाच मिनिटांनी पायाने तुडवून फोडत होती. एकदा मागे सरली आणि नव्याने गोठलेल्या बर्फावरून पाय सटकून कोपरावर आपटली. नळी सुटली. ती गुडघ्यांवर रांगत गेली, नळी पकडली, पुन्हा तोंडात खोचली. रडू येत होतं, पण या थंडीत रडलं तर डोळे चिकटतात.

पन्नास. बेचाळीस.

घरात डोकावून आली तेव्हा भिंतीवर चौदा होतं. खोलीच्या बंद दारामागून म्हाताऱ्याच्या पुटपुटण्याचा आवाज येत होता. जपमाळ चालली असावी.

साडेदहाला खालून पाणी स्वच्छ यायला लागलं. तिने नळ बंद केला, नळी ओढून काढली, जाळात लाकूड ठासलं आणि पंखा पूर्ण सोडला. आता पाणी निदान पंच्याऐंशीपर्यंत चढवायचं, म्हणजे उरलेसुरले जंतू शिजून मरतील. मग औषध. नव्या पाण्याला औषध पूर्ण मात्रेत लागतं, दोन कॅन. तिच्याकडे एक होता.

तिने शेजारच्या गास्तोंला फोन लावला.

"औषधाचा कॅन आहे का रे तुझ्याकडे?"

"आहे की, तूच घ्यायला लावला होतास. मागच्या वर्षीपासून सील फोडलं नाही."

"माहीत आहे मला. म्हणूनच तुला फोन केला."

गास्तों ट्रॅक्टर घेऊन दहा मिनिटांत आला. खोपटामागचा तपकिरी बर्फ त्याने पाहिला, त्यात गोठलेली सालं पाहिली, आणि ओदेतकडे पाहिलं. "बटाट्याचं सूप केलंस वाटतं," एवढंच म्हणाला, कॅन ठेवला आणि गेला. भला माणूस. पण संध्याकाळपर्यंत गावभर होणार होतं.

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की तो बर्फ नोएलालाही दिसेल. तिने फावडं घेतलं, वरून भुसभुशीत बर्फ ओढला. वाऱ्याने तो दोन मिनिटांत उडवून लावला. पुन्हा ओढला. पुन्हा उडाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, खरं आहे, पण मूठ झाकायला हात तर हवा. तिने फावडं टाकून दिलं.

पाऊणला पाणी पंच्याऐंशीवर पोचलं. तिने दोन्ही कॅन ओतले, पंप चालू ठेवला, औषध सगळीकडे फिरायला दहा मिनिटं मोजली, बाटलीत पाणी घेतलं. ते निवेपर्यंत दम निघेना. पट्टी बुडवली. आधी काहीच नाही. मग कडेला फिकट गुलाबी चढली, मग पट्टीभर पसरली, मग गडद झाली. तांबडी रेघ होती तिथेच होती, पण वाढली नव्हती. उन्हाळ्यात तिला वेल्डिंग करता आलं असतं. ओदेत खोपटाच्या भिंतीला टेकली. तेवढ्यात रस्त्यावरून गाडी वळली.

नोएला उतरली ती सरळ घरात न जाता खोपटाच्या दिशेने आली. बापाचीच लेक, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. बर्फापाशी थांबली, बुटाच्या टोकाने एक साल उकरलं.

"हे काय?"

"पाणी बदललं."

"बटाट्याची सालं आहेत यात."

"मी टाकले होते बटाटे," ओदेत म्हणाली. "जुना उपाय. म्हटलं करून बघावं. चुकलं माझं."

नोएलाने तिच्याकडे पाहिलं. "तू," ती म्हणाली. "तू टाकलेस." आणि घराकडे वळली.

घरात सतरा अंश झाले होते आणि काटा चढत होता. वृद्धाश्रमाची बाई, मादाम थिबोदो, कोट न काढता खोल्या पाहून आली. न्हाणीघरातला दांडा पाहिला, गोळ्यांचा डबा पाहिला, वहीत लिहिलं. फिलिबेर दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून टेबलाशी बसले होते. ओदेतने कॉफी ठेवली. सोललेली बोटं दिसू नयेत म्हणून हात टॉवेलमध्ये गुंडाळले.

"घर जरा थंड वाटतं," मादाम थिबोदो म्हणाली.

"सकाळी बंबाचं पाणी बदलावं लागलं," नोएला बापाकडे बघत म्हणाली. "ओदेत सांगते, तिने त्यात बटाटे टाकले होते."

आता म्हातारा गडबडणार, नाहीतर छाती फुगवून सगळं ओकून टाकणार, असं तिला वाटलं.

फिलिबेरनी कप खाली ठेवला. "बटाटे?" ते ओदेतकडे वळले. "अगं, मी तुला किती वेळा सांगितलं, त्या पाण्यात काही घालायचं नसतं. माझ्या बापाचा बॉयलर वेगळा. तिथे रोज नवं पाणी. इथे बटाटा टाकला तर कुजणारच की. एवढं शिकलेली तू."

ओदेतने म्हाताऱ्याचे कान पाहिले. पत्त्यांत लबाडी करायची झाली तरी त्याचे कान तांबडेलाल व्हायचे, त्यावरून सगळं घर त्याला पकडायचं. कान पांढरे होते. डोळे निवळ होते. सकाळी टेबलावर ठेवलेलं साल, दिलेला शब्द, अकरा दिवस, यातलं काहीही त्या डोळ्यांत नव्हतं.

"पण नोएला," ते पुढे म्हणाले, "तू तिला फाडून खाऊ नकोस. चुकली पोर. माणूस चुकतं. आपण होऊन सांगितलं ना तिने? पुष्कळ झालं. हे घर तिने सांभाळलंय, मी सांगतो. तिच्यावर कुणी काही लिहायचं नाही त्या वहीत." आणि त्यांनी हात पुढे करून टॉवेलमधल्या ओदेतच्या हातावर थोपटलं.

ओदेत एवढी पांघरूण घालायला धावली होती, आणि म्हातारा तिच्यावरच मायेनं पांघरूण घालत होता. चोराच्या उलट्या बोंबा असत्या तर तिने हसून सोसल्या असत्या. इथे चोरच नव्हता. सकाळी आठ वाजता तो माणूस या टेबलाशी होता आणि आता एक वाजता नव्हता.

मादाम थिबोदोने वही मिटली. घर ठीक आहे, म्हणाली, सून काळजी घेते, तूर्त घाई करायचं कारण दिसत नाही. खाट सोमवारपर्यंत राखून ठेवू, तुमचं तुम्ही ठरवा. तिने फिलिबेरशी हात मिळवला. त्यांनी तिला बटाट्याच्या पिकावर थोडं ऐकवलं.

ओदेत दोघींना पोचवायला गाडीपर्यंत आली. जिंकली होती ती. मादाम थिबोदो आत बसली आणि नोएला दार उघडणार, तेवढ्यात ओदेतने तिची बाही धरली.

"मी खोटं बोलले."

"माहीत आहे मला," नोएला म्हणाली. "तू चहाच्या किटलीत नळाचं पाणी घालताना तपासतेस. तू बटाटे टाकणार?"

"मग बोलली का नाहीस तिच्यासमोर?"

नोएलाने गाडीच्या काचेवरचा बर्फ उगाच नखाने खरवडला. "मलाही नव्हतं न्यायचं त्यांना आज. तू सांभाळून घेतेयस तर घे म्हटलं. मला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलंय."

"ठरलं होतं. सकाळी मला शब्द द्यायला लावला त्यांनी. त्यातलं काहीही त्यांना आठवत नाही, नोएला. ते नाटक नव्हतं."

वारा वाढला होता. नोएलाचा चेहरा वाकडा झाला, मग तिने तो सावरला. "बंब गेला असता तर दुसरा आणला असता," ती म्हणाली. "पण तू बाजारात गेलेली असताना ते जाळाचं दार उघडून बसले तर?" याचं उत्तर दोघींनाही ठाऊक होतं.

"सोमवारी मी येते न्यायला," नोएला म्हणाली.

"तू नको. मी नेते त्यांना."

"का?"

"तू नेलंस तर लेकीनं हाकललं म्हणून झुरतील. मी नेलं तर मला शिव्या देतील. सुनेला शिव्या द्यायची सवय आहे त्यांना, तेवढीच उभारी राहील."

नोएलाने तिला मिठी मारली नाही, त्या घरात तशी पद्धत नव्हती. तिने फक्त मान हलवली आणि गाडीत बसली.

ओदेत घरात आली तेव्हा वीस अंश झाले होते. फिलिबेर खिडकीपाशी उभे राहून गाडी जाताना पाहत होते.

"गेल्या का?"

"गेल्या, पापा."

"फार बोलली का तुला?"

"नाही."

"बोलली तर मला सांगायचं," म्हातारा म्हणाला. "मी आहे इथे."